वरच्या इंटरकूलरला हवा कमी पडतेय – घरच्या घरी काय करता येईल?

कराडचा_प्रवासी

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची फॉर्च्युनर, ३.० लिटर डिझेल, मॅन्युअल. १ लाख ६० हजार किमी झालेत. या पिढीत इंटरकूलर (टर्बो, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा, जी हवा तापवतो ती थंड करणारी जाळी) इंजिनाच्या डोक्यावर आडवा बसवलेला असतो आणि बॉनेटवरच्या स्कूपमधून, म्हणजे पुढे तोंड असलेल्या उंचवट्यातून, त्याला हवा मिळते.

सासुरवाडी चिपळूणची, त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कुंभार्ली घाट होतोच. थंडीत गाडी मस्त चढते. पण एप्रिल-मेच्या दुपारी चिपळूणहून निघालो, की पोफळी सोडल्यावर पहिली काही वळणं ठीक जातात आणि अर्ध्या घाटात पुलिंग पडतं. जिथे तिसऱ्यात आरामात जायची तिथे दुसरा टाकावा लागतो. टेम्परेचरचा काटा मात्र जागचा हलत नाही. वर हेळवाकला चहाला थांबून बॉनेट उघडलं, तर इंटरकूलरला बोट लावता येत नाही इतका तापलेला.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर नवे आहेत. स्कॅनरवर एरर नाही. एका गॅरेजवाल्याचं म्हणणं, हा काढून टाकू आणि पुढे बंपरमागे मोठा बसवू. मला आधी आहे त्यातच सुधारणा करून बघायची आहे. हाताशी शनिवार-रविवार आणि घरचा पान्यांचा संच. काय तपासू आणि कोणत्या क्रमाने? स्कूपचं तोंड मोठं करून घेतलं तर उपयोग होतो का?

डिझेलप्रेमी

पुढे बसवायच्या फंदात पडू नका. पाइप लांब होतात, त्यामुळे टर्बोचा प्रतिसाद उशिरा येतो. शिवाय तो रेडिएटर आणि एसीच्या कंडेन्सरसमोर येणार, म्हणजे आपल्या उन्हाळ्यात आणखी दोन दुखणी मागे लागली. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, उद्या विम्याच्या दाव्यात त्यावरून प्रश्न विचारला जाऊ शकतो.

पहिलं काम म्हणजे टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन या दोन्ही बाजूंचे होज बघा. क्लिपजवळ तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तिथून दाबाची हवा सुटतेय. होज दाबून, वाकवून बघा. चीर बऱ्याचदा खालच्या अंगाला असते, वरून दिसत नाही.

सह्यकन्या

डिझेलप्रेमींशी सहमत. होज आधीच. त्यानंतरचं थोडं सविस्तर लिहिते, कारण माझा रोजचा संबंध हवा आणि नळ्यांशीच आहे.

काटा हलत नाही तो कूलंटचा आहे. इंटरकूलरमधल्या हवेशी त्याचा संबंध नाही. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते. बाहेर ३५ अंश असताना हवेचा दाब दुप्पट केला आणि टर्बोची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा साधारण १३० अंशांची असते. ती परत खाली आणायची जबाबदारी इंटरकूलरची. तो कमी पडला की हवा विरळ राहते आणि तेवढ्याच दाबाला इंजिनात प्राणवायू कमी जातो. मग एकतर धूर वाढतो, नाहीतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, डिझेल कमी करतो. दोन्हीकडे पुलिंग जातं.

आता घाटातली परिस्थिती बघा. वेग ४० च्या आसपास. त्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा जोर किती? जेमतेम ७ मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराएवढा. ८० च्या वेगाला तो चौपट होतो, पण घाटात ८० कुठून आणणार! इंटरकूलरच्या बारीक फिन्समधून (पत्र्याच्या पातळ पात्यांमधून) हवा ढकलायला एवढाच जोर मिळतो. अशा वेळी स्कूपखालचं प्लास्टिकचं तोंड आणि इंटरकूलर यांच्यात बोटभर जरी फट असली, तरी हवा फिन्समधून जायचा त्रास घेणारच नाही, बाजूने निघून जाईल. म्हणून स्कूप मोठा करण्याच्या आधी ती फट बंद करा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं ८० टक्के उत्तर यातच आहे.

तपासायची पद्धत फ्रिजच्या दारासारखी. वर्तमानपत्राच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. इंटरकूलरच्या कडेवर एक पट्टी अशी ठेवा की तिचं टोक बाहेर राहील. बॉनेट पूर्ण लॉक करा आणि पट्टी हळूच ओढा. अडकली तर तिथे सील (फट बुजवणारी फोमची कड) टेकतंय, सुळकन निघाली तर फट आहे. चारही बाजूंनी दर १० सेंटिमीटरवर करा. ज्या बाजूला हात पोचत नाही तिथे सीलच्या कडेला खडूची भुकटी लावून बॉनेट बंद करून उघडा. समोरच्या भागावर जिथे पांढरं उमटलं नाही ती जागा खुली आहे.

वर्कशॉपवाला

ताईंनी बरोबर सांगितलं. माझं कोल्हापुरात छोटं वर्कशॉप आहे, मी सफाईचं सांगतो.

इंटरकूलर खाली उतरवून धुवा, जागेवर नको. बाहेरून साध्या साबणाच्या पाण्यात मऊ ब्रश, आणि पाणी खालच्या बाजूने सोडा म्हणजे वरून अडकलेली घाण आल्या वाटेने बाहेर पडेल. प्रेशर वॉशर अजिबात मारू नका, फिन्स झोपतात. ॲसिडचा क्लीनर पण नको, ॲल्युमिनियम खातं. झोपलेल्या फिन्स प्लास्टिकच्या पातळ पट्टीने एकेक करून सरळ करा. घाई करू नका, फिन तुटली की तुटली.

आतून तेलाचा पातळ थर असणं साहजिक आहे, इंजिनाच्या ब्रीदरमधून (आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) येतं ते. उपडा धरल्यावर तेल ओघळून कपभर निघालं तर मात्र टर्बोचं सील बघून घ्या. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. आतून धुवायला रॉकेल, पेट्रोल, थिनर काहीही वापरलं आणि थोडंसं जरी आत राहिलं, तर डिझेल इंजिन ते इंधन म्हणून ओढतं. मग किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, आरपीएम वाढतच जातो. डोळ्यांनी बघितलंय, म्हणून कळकळीने सांगतोय. आतून धुवायचंच असेल तर पाण्यात मिसळणारा डिग्रीझर वापरा, भरपूर पाण्याने काढा आणि पूर्ण एक दिवस उन्हात वाळवा. उभा-आडवा करून आतला थेंब न् थेंब निथळू द्या.

घाटमाथा

आमच्याकडे एकाने बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून बॉनेट मागून थोडं उचललंय. गरम हवा बाहेर जाते म्हणतो. फुकटातलं काम आहे.

सह्यकन्या

घाटमाथा, ते करू नका. गाडी पळत असताना काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो. त्या फटीतून हवा बाहेर जाण्याऐवजी बऱ्याचदा आतच शिरते. आणि वरच्या इंटरकूलरच्या गाडीत बॉनेट उचललं की सीलची फट आणखी वाढते, म्हणजे मूळ कामच बिघडलं. बॉनेटच्या लॉकशी खेळ झाला तो वेगळाच.

हवा बाहेर जायचा रस्ता खालून आहे. इंटरकूलरमधून उतरलेली हवा इंजिनाच्या मागून गाडीच्या पोटाखाली जाते. इंजिनाखालचं गार्ड तुटलेलं किंवा काढून टाकलेलं असेल तर ते परत बसवा, त्याने खालच्या हवेचं वळण बदलतं. टर्बोवरचं पत्र्याचं हीट शील्ड जागेवर आहे का तेही बघा. ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर खालून भाजला जातो तो तिथूनच.

मेलबर्नकर

इथे माझ्याकडे सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे, तिचाही इंटरकूलर वरच आणि स्कूपही तसाच. तिच्या बॉनेटखाली हवा वाटून देणारा प्लास्टिकचा डक्ट कंपनीकडूनच येतो. इथले लोक आधी त्याच्या कडांचा फोम बदलतात. सुबारूच्या एसटीआयमध्ये तर इंटरकूलरवर बाहेरून पाणी फवारायची सोयही कंपनीने दिली होती. ती युक्ती कोरड्या हवेत चांगली चालते, कोकणातल्या दमट हवेत पाणी तितक्या झटपट उडणार नाही.

एक विचारतो, स्कूपसमोर काही लावलंय का? बॉनेटच्या पुढच्या कडेला किडे अडवायचा ॲक्रिलिकचा व्हायझर वगैरे? तो हवा वर उडवतो आणि ती स्कूपवरून निघून जाते.

आणि आधी-नंतर मोजा. नुसतं 'बरं वाटतंय' यावर जाऊ नका. पण एक सावधगिरी: बऱ्याच गाड्यांत ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या सॉकेटला जोडायच्या यंत्रावर) दिसणारं इनटेक टेम्परेचर हे एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचं असतं, म्हणजे टर्बोच्या आधीचं. चढाला पाय दाबल्यावरही आकडा हलत नसेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

कराडचा_प्रवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रविवार गेले, आता सविस्तर लिहितो.

माझ्या स्कॅनरचा आकडा मेलबर्नकरांनी सांगितला तसाच निघाला, टर्बोच्या आधीचा. म्हणून वायरच्या टोकाला सेन्सर असलेलं डिजिटल थर्मामीटर आणलं. टोक इंटरकूलरमधून हवा बाहेर पडते त्या बाजूच्या टाकीला उष्णता सहन करणाऱ्या टेपने चिकटवलं, वरून फोमचा तुकडा, आणि वायर पंखा-बेल्टपासून लांबून केबिनमध्ये घेतली. आकडे बायकोने वाचले आणि वहीत लिहिले, मी फक्त गाडी चालवली. काहीही न बदलता पहिली फेरी: बाहेर ३६ अंश, घाटाच्या मध्यावर टाकी ७८.

मग कागदाच्या पट्ट्या. पुढची बाजू घट्ट. डावीकडची बरी. उजवीकडची आणि मागची पट्टी ओढताना हाताला काही जाणवलंच नाही! टॉर्च लावून बघितलं तर त्या दोन बाजूंना सीलच नव्हतं, नुसता वाळलेला गोंद आणि फोमचे काळे कण. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये इंजेक्टरचं काम झालं होतं, तेव्हा इंटरकूलर उतरवला होता. सील फाटलं असणार आणि तसंच बसवून दिलं. मला कोणी सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं. दोन उन्हाळे मी इंजिनाला बोल लावत होतो.

दुसरी चूक माझी. पानं आत जाऊ नयेत म्हणून स्कूपच्या आतून खिडकीची डासांची जाळी लावली होती. काढून उजेडात धरली तर अर्धी भोकं धूळ आणि मेलेल्या माश्यांनी बुजलेली. व्हायझर होताच, तोही काढला.

इंटरकूलर उतरवून धुतला. आतून चमचाभर तेल निघालं, त्यामुळे तिकडची काळजी मिटली. फिन्स सरळ करायला मुलीने मदत केली, तिची बोटं बारीक आणि धीर माझ्यापेक्षा जास्त. जवळजवळ तीन तास लागले. होज चांगले आहेत, एक क्लिप सैल होती ती बदलली. सील नसलेल्या दोन बाजूंना रबराची नवी पट्टी चिकटवली.

काल परत कुंभार्ली. बाहेर ३५, तीच वेळ, तेवढीच माणसं, घाटाच्या मध्यावर तोच तिसरा गिअर. टाकी ६४. आणि यावेळी वरपर्यंत दुसरा टाकावा लागला नाही.

सह्यकन्या

वाचून फार बरं वाटलं! १४ अंशांचा फरक म्हणजे तेवढ्याच दाबाला हवा साधारण ४ टक्के दाट झाली. ऐकायला कमी वाटतं, पण चढाला जिथे गिअर जेमतेम टिकतो तिथे तेवढंच हवं असतं. वहीतल्या नोंदी ठेवा. पुढच्या मे महिन्यात हाच घाट, हीच वेळ, परत मोजा. आकडा वर सरकला तर सील चपटं होऊन परत फट पडली असं समजा.

डिझेलप्रेमी

सीलची पट्टी कोणती वापरली आणि कुठे मिळाली? माझ्याकडेही याच पिढीची गाडी आहे, आज कागद लावून बघतो.

कराडचा_प्रवासी

पुण्यात नाना पेठेतून आणली. दुकानदाराला 'बंद पेशींचं ईपीडीएम रबर, मागे चिकट' असं सांगा. सोफ्याचा साधा फोम घेऊ नका, तो पाणी धरून ठेवतो आणि उष्णतेने भुगा होतो. माझी फट मागच्या बाजूला ९ मिलिमीटर भरली, म्हणून १२ जाडीची पट्टी घेतली. फटीपेक्षा तीनेक मिलिमीटर जाड हवी म्हणजे बॉनेट बंद केल्यावर दबून बसते. फार जाड घेतली तर बॉनेट लॉक व्हायला जोर लागतो, आणि तो जोर प्लास्टिकच्या डक्टवर येतो.

फट मोजायला मुलीच्या मळलेल्या कणकेसारख्या चिकणमातीचे छोटे गोळे कडेवर ठेवले, बॉनेट बंद करून उघडलं आणि चपटे झालेले गोळे पट्टीने मोजले. चिकटवण्याआधी जुना गोंद पूर्ण खरवडून काढा आणि जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मी पहिल्यांदा घाईत नुसतं फडकं मारलं होतं, दुसऱ्या दिवशी कोपरा सुटला. कोपऱ्यात पट्टी वळवू नका, ४५ अंशांत कापून जोडा. चिकटवल्यावर रात्रभर बॉनेट बंद ठेवून मग गाडी सुरू करा.