राजदूत उद्योगसमूहात जातो तेव्हा तो सोबत काय नेतो?

फोर्टचा_फेरफटका:
एस. जयशंकर जानेवारी २०१८ मध्ये परराष्ट्र सचिवपदावरून निवृत्त झाले, एप्रिलमध्ये टाटा सन्सने समूहाच्या जागतिक कॉर्पोरेट व्यवहारांची धुरा त्यांच्याकडे सोपवली आणि मे २०१९ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. त्यांच्या चीन आणि अमेरिकेतील राजदूतपदाविषयी भरपूर वाचायला मिळते, परंतु बॉम्बे हाउसशी, म्हणजे टाटांच्या मुंबईतील मुख्यालयाशी, जोडलेल्या त्या वर्षभराची चर्चा क्वचितच होते. माझे कार्यालय त्याच परिसरात असल्याने जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला आणि बहुतेकांचे मत पडले की उद्योगसमूह अशा व्यक्तींना केवळ ओळखींसाठी घेतात. हे मला अपुरे वाटते. जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात: कंपनीला अशा माणसाचा नेमका उपयोग काय, आणि ही वाट अलीकडची आहे की जुनी?

बॅलार्ड_पिअर:
वाट चांगलीच जुनी आहे आणि मुंबईत तर ती दोन्ही दिशांनी वाहती होती. गगनविहारी लल्लुभाई मेहता यांचे उदाहरण घ्यावे. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि काही काळ ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकारिता केलेले हे गृहस्थ पुढे सिंधिया स्टीम नॅव्हिगेशनमध्ये गेले. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी उभी केलेली ही कंपनी ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीशी वर्षानुवर्षे झगडत होती, त्यामुळे परक्या सत्तेशी वाटाघाटी कशा करायच्या हे मेहता दूतावासात नव्हे, जहाजांच्या धंद्यात शिकले असणार, असे माझे अनुमान आहे. नियोजन आयोगाचे सदस्यत्व भूषवून ते १९५२ मध्ये अमेरिकेत राजदूत झाले. १९५५ मध्ये ह्यूस्टनच्या विमानतळावरील उपाहारगृहात वर्णभेदाच्या प्रथेमुळे त्यांना वेगळ्या खोलीत बसायला सांगण्यात आले आणि त्याबद्दल अमेरिकी सरकारला दिलगिरी व्यक्त करावी लागली. त्यांच्याविषयी आज कुणाला काही आठवत असेल तर बहुधा एवढेच. खरे तर १९५८ मध्ये परतल्यावर ते मुंबईत आयसीआयसीआयचे अध्यक्ष झाले, हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे भारतीय कारखानदार परकीय चलनातील कर्जासाठी येत, आणि त्या काळात परकीय चलनाचा तुटवडा किती होता हे वेगळे सांगायला नको. सहा वर्षे वॉशिंग्टनमध्ये काढलेला, शिवाय उद्योगाची भाषा जाणणारा अध्यक्ष तिथे असणे हा योगायोग मला वाटत नाही.

नियमांचा_माणूस:
अशा चर्चांत नियमाचा उल्लेख हटकून चुकीचा होतो, म्हणून तेवढे स्पष्ट करतो. परराष्ट्र सेवा ही अखिल भारतीय सेवा नसून केंद्रीय नागरी सेवा आहे, त्यामुळे तिला केंद्राचे निवृत्तिवेतन नियम लागू होतात. त्यांनुसार गट अ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत खासगी व्यावसायिक नोकरी स्वीकारायची असेल तर सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि ती न घेतल्यास निवृत्तिवेतनावर गदा येऊ शकते. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. म्हणजे ही बंदी नव्हे, परवानगीची अट आहे, आणि जयशंकर यांना सरकारने तशी सवलत दिलेली होती. माझा आक्षेप व्यक्तीला नाही. सवलत देताना कोणती कारणे ग्राह्य धरली, हे तपशिलाने जाहीर करण्याची पद्धत असायला हवी, अन्यथा प्रामाणिक अधिकाऱ्यावरही विनाकारण संशय येतो. व्यापारी करारांच्या वाटाघाटी अनेक वर्षे चालतात, तेव्हा एका वर्षात सगळी माहिती शिळी होते असे मानणेही भाबडेपणाचे आहे.

गोदीचा_हिशेब:
मूळ प्रश्नाकडे येतो. मी निर्यातीच्या कामात आयुष्य घालवले आहे आणि ओळखींना लोक देतात तितकी किंमत मी देत नाही. राजदूताची दर काही वर्षांनी बदली होते, समोरचा अधिकारीही बदलतो, सरकारे पडतात; जुन्या ओळखीवर फार तर भेटीची वेळ मिळते. टिकते ते कौशल्य असे, की एखाद्या देशात निर्णय कोणत्या मंत्रालयात होतो, तो कुणाच्या टेबलावर अडतो आणि जाहीर विधानातला कोणता भाग केवळ घरच्या मतदारांसाठी आहे, हे ओळखता येणे. २०१८ सालाकडेच पाहा: टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून घेतलेल्या जॅग्वार लँड रोव्हरचे मुख्य कारखाने ब्रिटनमध्ये होते आणि ब्रेक्झिटच्या वाटाघाटी ऐन भरात होत्या, त्याच मार्चमध्ये अमेरिकेने आयात पोलादावर २५ टक्के शुल्क जाहीर केले, आणि टाटा स्टीलचे मोठे कारखाने वेल्स व नेदरलँड्समध्ये होते. अशा वेळी ताळेबंद वाचणारे पुष्कळ मिळतात, परंतु लंडन, ब्रुसेल्स आणि वॉशिंग्टनची चाल वाचणारे थोडेच असतात.

फोर्टचा_फेरफटका:
आपणा सर्वांचे आभार. बॅलार्ड_पिअर, एक शंका आहे. मेहता आधीच उद्योगातून आलेले होते, त्यामुळे त्यांचे परतणे स्वाभाविक म्हणता येईल. आयसीआयसीआयने त्यांच्याआधीही अशीच निवड केली होती का?

बॅलार्ड_पिअर:
होय, काही अंशी. पहिले अध्यक्ष सर ए. रामस्वामी मुदलियार हे व्यवसायाने राजनैतिक अधिकारी नव्हते, तथापि १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक व सामाजिक परिषदेचे पहिले अध्यक्षपद त्यांनीच सांभाळले होते.