९० टक्के म्हणजे दहापैकी नऊ गुण नव्हेत

एक प्रश्न आलाय: संथ कौटुंबिक चित्रपटाला समीक्षकांचे ९० टक्के, आणि थिएटरातून बाहेर पडणारे म्हणतात झोप लागली; मग खरं कोण? दोघंही खरे. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या वेबसाइटवर फक्त पसंत की नापसंत एवढंच मोजतात. शंभरातल्या नव्वद जणांनी 'बरा आहे, बघा' म्हटलं तरी ९० टक्केच दिसणार. किती आवडला हे पाहायचं तर मेटाक्रिटिक या तशाच वेबसाइटवरची गुणांची भारित सरासरी (काही समीक्षकांच्या गुणांना जास्त वजन देऊन काढलेली) बघा.

पण खरी मेख थिएटरात आहे, आणि परीक्षणात ती येतच नाही. अशा चित्रपटाची निम्मी गोष्ट आवाजात असते. 'किल्ला' या मराठी चित्रपटात चिन्मय हा मुलगा पावसात किल्ल्यावर एकटा पडतो, तेव्हा बोलतो तो पाऊसच. चित्रपटाचं ध्वनिमिश्रण डॉल्बी प्रोसेसरच्या, म्हणजे थिएटरातला आवाज सांभाळणाऱ्या यंत्राच्या, ७ या पातळीला धरून करतात. जाहिराती कर्कश वाटतात म्हणून थिएटरवाले ती ५ वर आणतात, आणि चित्रपटही तिथंच चालतो. मग पाऊस ऐकूच येत नाही, एसीची घरघर तेवढी राहते. उजेडाचंही तेच. पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (उजेड मोजायचं एकक) हवा. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला की दिवेलागणीच्या घरातले चेहरे काळे पडतात.

त्यात पटकथेत न लिहिलेलं मध्यंतर कुठंही तोडून घालतात. सगळी लय जाते!

कोल्हापुरात असा चित्रपट किफमध्ये (कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात) लागला तर तिथंच गाठा. मल्टिप्लेक्सला बघणार असाल तर पहिल्या दहा मिनिटांतच मॅनेजरला आवाज वाढवायला सांगा, मध्यंतराची वाट बघू नका.