नाब्लुस शहराची घडण: कुठून सुरुवात करावी?

प्रश्न (वाचक, धरमपेठ, नागपूर)
आमच्या वाचक मंडळाच्या पुढील बैठकीत वेस्ट बँकमधील नाब्लुसवर बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. बातम्यांत हे नाव केवळ लष्करी कारवाया आणि मृत्यू यांसोबतच येते. तिथली माणसे शतकानुशतके कशाच्या आधारावर जगली, हे मला मांडायचे आहे. सुरुवात रोमनांपासून करावी का?

उत्तर (महाल)
रोमनांपासून सुरुवात केल्यास बरेच काही सुटेल. सम्राट व्हेस्पासियनच्या काळात, इ. स. ७२ मध्ये, फ्लाविया नेआपोलिस वसवले गेले हे खरे. परंतु त्याच्या पूर्वेस, आजच्या बलाटा भागातील टेकाडाखाली, कितीतरी जुने शखेम नगर आहे. दक्षिणेला ८८१ मीटर उंचीचा गरिझीम आणि उत्तरेला ९४० मीटरचा एबाल, या दोन डोंगरांमधल्या खिंडीतून वाट जाते आणि गरिझीमच्या पायथ्याशी झरे आहेत. वाट आणि पाणी एकत्र मिळाल्यावर वस्ती टिकणारच. गरिझीमला पवित्र मानणारा शोमरोनी (समॅरिटन) हा प्राचीन धार्मिक समाज आज काहीशेच उरला आहे. तरीही तो आपल्या स्वतंत्र लिपीतील ‘तोरा’ हा धर्मग्रंथ जपतो आणि वल्हांडण सणाचा बळी याच डोंगरावर देतो.

उत्तर (रामदासपेठ)
माझ्या मते शहराचा स्वभाव तेल आणि साबणाने घडवला. ऑलिव्ह तेल, पाणी आणि क्षार मोठ्या कढईत शिजवून ते मिश्रण वरच्या मजल्यावरील फरशीवर ओतत, वड्या कापून त्यांवर शिक्का मारत आणि हवा खेळती राहावी म्हणून पोकळ मनोरे रचून त्या वाळवत. एकोणिसाव्या शतकात हा माल इजिप्तपर्यंत जाई. व्यापारी शेतकऱ्याला आगाऊ रक्कम देऊन पुढील हंगामाचे तेल आधीच ठरवून घेत. या कराराला ‘सलम’ म्हणत. २०२४ मध्ये युनेस्कोने या साबणकलेची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली.

प्रश्नकर्ता
काटोल-वरूडकडे संत्र्याचा बहार झाडावर असतानाच व्यापारी घेतात, तसाच हा व्यवहार दिसतो. त्यात शेतकरी अडकत असे का?

उत्तर (रामदासपेठ)
होय, अनेक शेतकरी कर्जात बुडाले आणि त्यांच्या जमिनी शहरातील घराण्यांकडे गेल्या. ही बाजू कृपया झाकू नका. मात्र याच व्यवहारांनी शहर आणि डोंगरातील खेडी यांचे दाट संबंधही विणले गेले. उस्मानी (ऑटोमन तुर्की) सत्तेखालीही कारभारावर स्थानिक घराण्यांची पकड पुष्कळ काळ टिकली, हेही त्यासोबत सांगायला हवे.

उत्तर (महाल)
यात १९२७ चा भूकंप जोडा. त्याने जुन्या शहराचे मोठे नुकसान केले. एप्रिल १९३६ मध्ये ब्रिटिशांविरुद्धच्या सार्वत्रिक संपासाठी पहिली समिती नाब्लुसमध्येच स्थापन झाली आणि तो संप सुमारे सहा महिने चालला. बैठकीत मात्र हा संप तेल-साबणाच्या नंतरच घ्या, म्हणजे संपाची हाक याच शहरातून का निघाली, हे श्रोत्यांना आपोआप उलगडेल.