हिस्पॅनिक आणि ट्रम्पसमर्थक: समजून घ्यायला काय वाचू, काय ऐकू?

खोऱ्यातला_खानदेशी
नमस्कार मंडळी. नोकरीमुळे मॅकॅलनला आलोय, टेक्सासच्या पार दक्षिण टोकाला. नदीपलीकडे मेक्सिको. समोरच्या घरातले आजोबा सत्तरी ओलांडलेले. घरात स्पॅनिश, रविवारी सकाळी बार्बाकोआ (मांसाचा मेक्सिकन पदार्थ), दारात ग्वादालुपे मातेची तसबीर, आणि अंगणात ट्रम्पचा फलक. धाकटा मुलगा बॉर्डर पेट्रोलमध्ये, म्हणजे सीमेवरच्या सरकारी गस्ती दलात. उत्तरेला जाताना फाल्फुरियासच्या नाक्यावर माझे कागद तपासणाऱ्यांच्या छातीवरही गार्सिया नाहीतर गोन्झालेझ असंच नाव असतं.

ऑफिसातले काहीजण म्हणतात, बिचाऱ्यांना स्वतःचं हित कळत नाही. आपल्या व्हॉट्सॲप गटावर उलटं, बघा, त्यांनाही पटलं! दोन्ही ऐकून कान किटले. या लोकांचं म्हणणं त्यांच्याकडून कळेल असं काही सुचवा. स्पॅनिश कामापुरतं येतं. ट्रम्प चांगला की वाईट यावर कृपया इथे नको, त्याला धागे पैशाला पासरी आहेत.

अलामोची_आत्या
योग्य ठिकाणी राहताय. शेजारच्या स्टार काउंटीपासून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) सुरुवात करा. वस्ती जवळपास सगळीच हिस्पॅनिक. २०१६ मध्ये तिथे हिलरी क्लिंटनना ७९ टक्के मतं होती, २०२४ मध्ये ट्रम्पना सुमारे ५८. शंभरहून जास्त वर्षांत तिथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला नव्हता. तुमची हिडाल्गो काउंटीही त्याच वर्षी पलटली.

वाचायला 'टेक्सस ट्रिब्यून', फुकट आहे आणि व्हॅलीत, म्हणजे तुमच्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात, त्यांचे बातमीदार आहेत. जोडीला तुमच्या गावचं 'द मॉनिटर'. न्यूयॉर्कहून दोन दिवसांसाठी येऊन टाकोच्या दुकानात तिघांना भेटून लिहिलेले लेख खुशाल सोडा.

मात्र आधी इतिहास. तिथली बरीच घराणी १७५० च्या आसपास स्पेनच्या राजवटीत वसलेली. १८४८ च्या अमेरिका-मेक्सिको तहानंतर रिओ ग्रांदे ही सीमा झाली आणि माणसं जागची न हलता अमेरिकेत आली. त्यांना 'तुम्ही स्थलांतरित, मग स्थलांतरितांच्या बाजूने का नाही?' विचारलंत तर ते तुमच्याकडेच बघत बसतील. वर पोटाचा प्रश्न. तिथे बऱ्या पगाराची नोकरी म्हणजे बॉर्डर पेट्रोल, पोलीस नाहीतर तेलविहिरी. २०२० च्या शेवटच्या वादफेरीत बायडन तेलउद्योगापासून दूर जाण्याबद्दल बोलले, ते कोणाच्या चुलीला झोंबलं असेल बघा.

बिस्केन_बाबुराव
आत्यांना अनुमोदन, पण व्हॅलीचं गणित मायामीला लावू नका. इथे मुळाशी क्यूबा आहे. १९५९ नंतर कास्त्रोने घरं-कारखाने घेतले, लोक नेसत्या कपड्यांनिशी आले. १९६१ मध्ये कास्त्रोला उलथवायला निर्वासितांनी बे ऑफ पिग्जवर केलेल्या हल्ल्यात केनेडींनी दगा दिला ही भावना नातवंडांपर्यंत उतरली आहे. 'समाजवाद' हा शब्द तुम्हाआम्हाला पाठ्यपुस्तकातला, इथे तो आजीच्या जप्त झालेल्या दुकानाचं नाव आहे. परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ याच वस्तीतले, फक्त त्यांचे आईवडील क्रांतीच्या आधीच, १९५६ ला आले होते.

ऐकायला रेडिओ मामबी, ७१० एएम. २०२२ मध्ये मालकी बदलणार म्हटल्यावर काही जुने निवेदक सोडून गेले, त्यावर गावात केवढा गहजब झाला होता! वाचायला 'दियारिओ लास अमेरिकास' (१९५३ पासून, उजवीकडचं) आणि 'एल नुएवो हेराल्ड'. एकच बातमी दोन्हीकडे वाचा, स्पॅनिशही सुधारेल.

मायामी-डेड काउंटी २०१६ ला क्लिंटनना सुमारे ३० टक्क्यांच्या फरकाने, २०२४ ला ट्रम्पना ११ च्या. मग २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांना मायदेशी न धाडण्याचं तात्पुरतं संरक्षण काढलं आणि मायामीजवळच्या डोरालमध्ये, जिथे याच लोकांनी ट्रम्पसाठी मिरवणुका काढल्या होत्या, घरोघरी वकील शोधणं सुरू झालं. डिसेंबरात मायामी शहराने जवळपास ३० वर्षांनी डेमोक्रॅटिक महापौर निवडला, आयलीन हिगिन्स.

खडूस_काका
थोडक्यात काय, माडीवर पोचले की शिडी वर ओढून घ्यायची. आपल्यातले ग्रीन कार्डवाले तेच करतात.

अलामोची_आत्या
काका, आलात का! शेतमजुरांचे पुढारी सेझार चावेझ तर पुरते डावे. त्यांच्या संघटनेने १९७४ च्या सुमारास संप फोडायला आणलेल्या बेकायदा मजुरांविरुद्ध मोहीमच चालवली होती. मजुरी पडते ही भीती जुनी आहे, ती ट्रम्पनी शोधलेली नाही.

देऊळवाडा
धर्माकडे कोणी बघितलंच नाही. प्यू या संशोधन संस्थेच्या २०२२ च्या पाहणीत ४३ टक्के हिस्पॅनिक कॅथलिक आणि १५ टक्के इव्हँजेलिकल (बायबलवर भर देणारे प्रोटेस्टंट). ही पंधरा टक्के मंडळी रिपब्लिकनांकडे बरीच जास्त झुकतात. गर्भपात, शाळेत मुलांना काय शिकवायचं, बापाचं घरातलं स्थान, हे विषय तिथे सीमेच्या बरोबरीने चालतात. सॅम्युएल रॉड्रिगेझ या पास्टरांची भाषणं ऐका, इंग्रजीत आहेत. २०१७ च्या शपथविधीत त्यांनी प्रार्थना म्हटली, आणि तरीही वर्षानुवर्षं इथे कष्ट करणाऱ्या कागदपत्रं नसलेल्यांना राहू द्या असं ते सांगतात. दोन्ही एकाच तोंडून ऐकलं की तुमच्या ऑफिसातले आणि व्हॉट्सॲपवाले दोघेही गप्प बसतील.

आकड्यांसाठी प्यूचाच अहवाल घ्या, मतदानाच्या नोंदी ताडून बघितलेला. २०२४ ला हॅरिस ५१, ट्रम्प ४८. २०२० ला ट्रम्प ३६. निम्मे इकडे, निम्मे तिकडे. त्यामुळे 'हिस्पॅनिक मत' असं मथळ्यात दिसलं की पुढचं जरा जपून वाचा.

खोऱ्यातला_खानदेशी
सगळ्यांचे आभार, काका तुमचेही. मॉनिटर सुरू केलाय. आजोबांना काल सहज विचारलं. सीमा बंद झाली हे झकास, म्हणाले. पण बांधकामांवर धाडी पडतात त्यावर आवाज चढला. पुतण्या फरशीची कामं घेतो, त्याची माणसं साइटवर यायचीच बंद झाली. इथले बिल्डरही २०२५ मध्ये यावरून ओरडत होते. फलक मात्र अजून तिथेच आहे. टेक्सासच्या रिपब्लिकनांनी २०२५ मध्ये मतदारसंघ नव्याने आखले, ते ही २०२४ ची मतं टिकतील या हिशेबावर. मला काही तो हिशेब पक्का वाटत नाही.

शेवटचा प्रश्न: त्यांनी रविवारी मिस्साला बोलावलंय. आपण ख्रिश्चन नाही, चालतं का? आणि नंतर बार्बाकोआ आहे, त्याला नाही म्हणायचं कसं? मी शाकाहारी.

देऊळवाडा
खुशाल जा. प्रसादाची रांग लागेल तेव्हा बाकावर बसून राहा, किंवा हात छातीवर आडवे धरून पुढे जा, पाद्री नुसता आशीर्वाद देतो.

अलामोची_आत्या
शाकाहारी आहे हे आजीला आधीच सांगा. आणि बीन्समध्ये डुकराची चरबी घातली आहे का तेही तेव्हाच विचारून घ्या, बहुतेक असतेच.