मदत हवी आहे: लंडनमधील कृष्णवर्णीय शाळकरी मुलांना अभियांत्रिकीच्या वाटेवर टिकवायचे कसे?

नदीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार.

मी मूळची सांगलीची. तिथेच स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि गेली 11 वर्षे लंडनमध्ये रेल्वेपुलांच्या तपासणीचे काम करते. दोन वर्षांपासून दक्षिण-पूर्व लंडनमधील एका सरकारी माध्यमिक शाळेत दर बुधवारी शाळा सुटल्यावर सव्वा तास मुलांबरोबर विज्ञानाचे आणि बांधकामाचे प्रयोग करते. नियमित येणाऱ्या 18 मुलांपैकी 14 कृष्णवर्णीय कुटुंबांतील आहेत. कोणाचे आईवडील घाना, नायजेरिया किंवा काँगोमधून आलेले आहेत, तर कोणाचे पणजोबा जमैकाहून आले आणि इथल्या बसगाड्यांवर त्यांनी आयुष्य काढले. या मुलांपैकी जास्तीत जास्त जणांनी विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी घ्यावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी कुठे अडले आहे ते इथे सविस्तर मांडते.

मुलांना एकदा गोडी लावली की काम झाले, असा सुरुवातीला माझा समज होता. तो चुकीचा निघाला, कारण गोडी आधीपासूनच होती. एका शनिवारी आम्ही ग्रिनिचला थेम्सच्या काठावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर अर्ध्या तासाला पाण्याची पातळी मोजली. उधाणाच्या दिवसांत तिथे भरती आणि ओहोटी यांच्यातला फरक 7 मीटरच्या आसपास जातो, त्यामुळे आलेख फार सुरेख येतो. आलेख काढून झाल्यावर घानाच्या कुटुंबातील 14 वर्षांच्या एका मुलीने विचारले, ‘ओहोटीला भरतीपेक्षा जास्त वेळ का लागतो? दोन्ही बाजू सारख्या का नाहीत?’ उथळ पात्रात लाटेचा माथा तिच्या खोलगट भागापेक्षा वेगाने पुढे सरकतो, हे उत्तर मी तिला दिले; पण हा प्रश्न मला स्वतःला पदवीच्या तिसऱ्या वर्षापर्यंत पडला नव्हता, हेही तिला सांगितले.

हीच मुलगी गणिताच्या ‘फाउंडेशन टियर’मध्ये आहे. ज्यांना इथली पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेत गणिताच्या दोन पातळ्या असतात. हायर टियरला बसलेल्या मुलाला 9 पर्यंत श्रेणी मिळू शकते. फाउंडेशनला बसलेल्याने सगळा पेपर बरोबर सोडवला तरी त्याला 5 च्या वर श्रेणी मिळत नाही. त्यानंतरच्या दोन वर्षांच्या ए-लेव्हलला (आपल्या अकरावी-बारावीसारख्या टप्प्याला) गणित घेण्यासाठी बहुतेक ठिकाणी 6 किंवा 7 लागते, आणि ए-लेव्हलच्या गणिताशिवाय अभियांत्रिकीच्या जवळजवळ सर्व पदव्यांचे दार बंद होते. यंत्र आणि स्थापत्य शाखांना बहुतेक विद्यापीठे भौतिकशास्त्रही मागतात. म्हणजे चौदाव्या वर्षी शाळेने केलेल्या वर्गवारीतच तिची पदवी बऱ्याच अंशी ठरून गेली आहे, आणि याची कल्पना ना तिला आहे, ना तिच्या आईला. साइनचा, म्हणजे लाटेसारखा वरखाली जाणारा आलेख, जो तिने नदीकाठी स्वतःच्या हाताने काढला, तो फाउंडेशनच्या अभ्यासक्रमात नाहीच.

हे एका मुलीपुरते आहे, असे मला वाटत नाही. स्टीव्ह स्ट्रँड या संशोधकांचा 2012 सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. चौदाव्या वर्षीच्या तेव्हाच्या राष्ट्रीय चाचण्यांत कॅरिबियन वंशाच्या कृष्णवर्णीय मुलांना वरच्या पातळीला बसवण्याचे प्रमाण गोऱ्या ब्रिटिश मुलांपेक्षा बरेच कमी होते. आधीचे गुण, घरची गरिबी आणि पालकांचे शिक्षण हे सर्व हिशेबात घेतल्यानंतरही तो फरक उरत होता. दुसरीकडे, सरकारी शाळांतील कृष्णवर्णीय मुले 18 व्या वर्षी विद्यापीठात जाण्याचे प्रमाण गोऱ्या मुलांपेक्षा जास्त आहे. त्यामुळे ‘या समाजात शिक्षणाची आवड कमी’ हे आपल्याकडील काही जणांकडून ऐकू येणारे विधान सरळसरळ खोटे आहे. मुले विद्यापीठात जातात. पण ज्या अभ्यासक्रमांना गणित आणि भौतिकशास्त्र लागते तिथली वाट त्यांच्यासाठी आधीच अडवलेली असते.

दुसरी अडचण घरांतली आहे, आणि तिने मला जास्त विचार करायला लावले. माझ्या गटातील एक मुलगा हाताने अतिशय कुशल आहे. बिघडलेला पंप त्याने तासाभरात उघडून परत जोडला. तू अभियंता का होत नाहीस, असे मी त्याला विचारले. तो म्हणाला, ‘माझे वडील लागोसमध्ये सिव्हिल इंजिनिअर होते. इथे ते बस चालवतात.’ त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. डोळ्यांसमोरच्या पुराव्यावरून त्याने काढलेला तो निष्कर्ष होता. वडिलांच्या पदवीला इथे मान्यता मिळवून देण्यासाठी लागणारा पैसा आणि वेळ कुटुंबापाशी नव्हता, ही गोष्ट मुलाला कोणीच सांगितली नव्हती. या मुलांना त्यांच्यासारखा दिसणारा अभियंता माहीत नसतो, असे आपण सहज म्हणतो. माझ्या गटातल्या निदान चौघांच्या घरात किंवा नात्यात अभियंता आहे. तो घानातल्या कुमासीत किंवा नायजेरियातल्या इबादानमध्ये आहे, नाहीतर इथे दुसरेच काम करतो आहे.

त्यात इंग्लंडमध्ये कपडे धुण्याचे यंत्र दुरुस्त करायला येणाऱ्यालाही ‘इंजिनिअर’ म्हणतात. सांगलीत माझ्या आईवडिलांनी पेढे वाटले ते या एका शब्दासाठी; इथे एका आईने मला नम्रपणे विचारले, ‘माझी मुलगी इतकी हुशार आहे, ती डॉक्टर किंवा वकील का होणार नाही?’ या प्रश्नाला पटेल असे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

मी व्याख्यानेही ठेवून पाहिली. अवकाशशास्त्रज्ञ मॅगी ॲडेरिन-पोकॉक यांच्याविषयी मुलांना सांगितले. नायजेरियन आईवडिलांच्या पोटी 1968 साली लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलीने 13 शाळा बदलल्या, वाचनदोषावर मात केली आणि इंपीरियल कॉलेजमधून यंत्र अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली. मुलांनी मन लावून ऐकले. मग एकाने विचारले, ‘तिच्या वर्गातल्या बाकीच्या मुलांचे काय झाले?’ तेव्हापासून भिंतीवर थोरांची चित्रे लावण्यावरचा माझा भर कमी झाला आहे.

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिली पाहिजे. मी या कामाविषयी बोलले की माझ्याच नात्यातील काही मंडळी विचारतात, ‘त्या मुलांसाठी कशाला वेळ घालवतेस? त्या वस्तीत संध्याकाळी थांबू नकोस.’ ज्यांना स्वतःच्या रंगावरून या देशात बोलणी खावी लागली, त्यांच्याच तोंडून हे ऐकताना वाईट वाटते. आणि म्हणूनच मी या मुलांसमोर उभी राहण्यास योग्य आहे का, हा प्रश्नही मनात येतो.

मला मुख्यतः हे विचारायचे आहे. त्या मुलीची पातळी बदलावी, अशी विनंती शाळेकडे कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत करावी, की ज्याने शिक्षक दुखावणार नाहीत आणि दरवाजाही उघडेल? पालकांशी बोलण्याची योग्य जागा कोणती? शाळेच्या पालकसभेला माझ्या 14 मुलांपैकी फक्त तिघांचे पालक आले. बाकीचे त्या वेळी कामावर होते. आणि बुधवारच्या सव्वा तासात प्रयोग करावेत की सरळ गणित?

फळा-खडू

मी बर्मिंगहॅममधील माध्यमिक शाळेत 16 वर्षे गणित शिकवतो. पहिल्या प्रश्नापुरते लिहितो.

पातळीचा निर्णय सहसा कोणी दुष्टपणाने घेत नाही. सातवीच्या वर्षी एका चाचणीवरून मुलांचे गट पाडले जातात, आणि खालच्या गटाला पुढचे धडे शिकवलेच जात नाहीत. त्यामुळे तीन वर्षांनी ‘तिला हे येत नाही’ हे विधान खरे ठरते. तुम्ही गणित विभागप्रमुखांना भेटा, पण शक्य असेल तर आईला सोबत न्या, किंवा आईच्या सहीचे पत्र न्या. स्वयंसेविकेचे मत ऐकून घेतले जाते. पालकाच्या लेखी विनंतीला मात्र उत्तर द्यावे लागते. ‘अन्याय झाला’ असे न म्हणता ‘कोणत्या पुराव्यावर ही पातळी ठरली, आणि ती बदलायची असेल तर तिने कोणत्या महिन्यापर्यंत काय दाखवावे’ असे विचारा. दोन्ही पातळ्यांच्या पेपरांत काही प्रश्न समान असतात. तेवढे प्रश्न वेगळे काढून तिच्याकडून सोडवून घ्या आणि उत्तरपत्रिका घेऊन जा. परीक्षेसाठी नावे इथल्या अकरावीच्या, म्हणजे जीसीएसईच्याच वर्षाच्या, फेब्रुवारीत पाठवली जातात, पण तोवर थांबू नका. मुलगी आता दहावीच्या वर्षात असेल, तर हाती सहा-आठ महिने आहेत, आणि शिकवायचे राहून गेलेले धडे भरून काढायला तेवढे लागतीलच.

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. विज्ञानाच्या एकत्रित पेपरालाही याच दोन पातळ्या असतात. तीही तपासा, गणितावर लक्ष ठेवता ठेवता अनेकांच्या ते नजरेतून सुटते.

चेसापीक

मी अमेरिकेत मेरिलँडमध्ये राहते. बुधवारच्या वेळेविषयी तुम्ही विचारले आहे, त्यावर इकडचा अनुभव सांगते.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात यूरी ट्रीसमन हे कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात कॅल्क्युलस शिकवत होते. हुशार कृष्णवर्णीय विद्यार्थी या विषयात मागे का पडतात, याचा शोध त्यांनी घेतला. मुले कष्टाळू होती, घरचे पाठीशी होते. फरक एवढाच दिसला की ती एकटी अभ्यास करत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. त्यावर ट्रीसमन यांनी जे गट सुरू केले ते ‘कच्च्यांसाठी शिकवणी’ या स्वरूपाचे नव्हते. तिथे नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली जात आणि ती सर्वांनी मिळून सोडवायची असत. त्या मुलांचे निकाल लक्षणीय सुधारले.

आमच्या जवळच बॉल्टिमोर काउंटीच्या विद्यापीठात फ्रीमन रबाउस्की यांच्या पुढाकाराने 1988 साली मायरहॉफ शिष्यवृत्ती सुरू झाली, ती याच विचाराची आहे: प्रवेशाआधी उन्हाळ्यात एकत्र राहून अभ्यास, गटाने अभ्यास करण्याचा आग्रह, आणि एकाचा निकाल घसरला तर ती सर्वांची काळजी. मॉडर्नाच्या करोना लसीमागील संशोधनात महत्त्वाचा वाटा असलेल्या किझ्मेकिया कॉर्बेट याच कार्यक्रमातून शिकल्या. तुमच्या मुलांना सोपे करून देऊ नका. भरती-ओहोटीसारखे अवघड प्रश्न द्या आणि त्यातूनच गणित शिकवा. प्रयोग की गणित अशी निवड करण्याची मला गरज दिसत नाही.

क्रॉयडनकर

मी वकिलांच्या कार्यालयात काम करतो. मुलांच्या वाटेतली एक अडचण शेवटच्या वर्षापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून लिहितो. लहानपणी इथे आलेल्या पण कायमच्या वास्तव्याचा परवाना नसलेल्या मुलांना विद्यापीठाचे सरकारी कर्ज आपोआप मिळत नाही. ब्यूरिश टिगेरे ही झांबियात जन्मलेली, सहाव्या वर्षी इंग्लंडला आलेली विद्यार्थिनी. तिच्या खटल्यात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिल्यानंतर, दीर्घकाळ इथे राहिलेल्या मुलांसाठी वेगळी तरतूद झाली. पण तिच्या अटी आहेत आणि अर्जाच्या तारखांचे गणित बारकाईने पाहावे लागते. कोणत्याही मुलाला वर्गात त्याच्या परवान्याविषयी विचारू नका. सर्व पालकांना एकच पत्रक द्या आणि कोणाला शंका असल्यास विनामूल्य कायदेशीर सल्ला कुठे मिळतो ते त्यात छापा. ज्यांना कर्ज नकोच आहे त्यांना पगार घेत पदवी देणाऱ्या डिग्री अप्रेंटिसशिपचीही माहिती द्या. रेल्वे क्षेत्रात त्या आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत असेल.

पालकांना भेटण्यासाठी रविवारी चर्चची प्रार्थना संपल्यावरची वेळ मागून पाहा. इथल्या कॅरिबियन कुटुंबांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून शनिवारच्या पूरक शाळाही स्वतःच्या बळावर चालवल्या आहेत. जवळपास अशी शाळा असेल तर आधी तिथल्या लोकांना भेटा. तुम्ही योग्य आहात का, हा प्रश्न त्यांच्यासमोरच मांडा.

नदीकाठ (धागाकर्ती)

तिघांचीही मनापासून आभारी आहे. काय झाले ते कळवते.

मुलीच्या आईला मी तिच्या कामाच्या ठिकाणाजवळ, रात्रपाळी सुरू होण्यापूर्वी भेटले. पातळ्यांचा अर्थ कळल्यावर ती काही वेळ गप्प राहिली, मग तिने तिथेच पत्र लिहायला घेतले. विभागप्रमुखांनी डिसेंबरपर्यंतची मुदत दिली आहे, आणि कोणते आठ धडे भरून काढायचे त्याची यादीही दिली आहे. बुधवारी आता चार-चार जणांचे गट बसतात. फाउंडेशनमधील आणखी तीन मुलांनी तेच धडे मागून घेतले.

ज्या मुलाचे वडील बस चालवतात, त्याच्या वडिलांना मी गटात बोलावले. त्यांनी लागोसमध्ये पुलाच्या पायासाठी पाण्याखाली खांब कसे रोवले ते फळ्यावर काढून दाखवले, आणि इथे त्यांची पदवी का अडली तेही मुलांना स्पष्ट सांगितले. त्यांच्या मुलाने वडिलांना असे बोलताना पहिल्यांदाच ऐकले, असे तो नंतर म्हणाला. ते पुन्हा येणार आहेत.

पूरक शाळेच्या संचालिकेला येत्या शनिवारी भेटते आहे. एक विनंती अजून उरली आहे: दक्षिण लंडनमध्ये राहणारे आणि महिन्यातून एक बुधवार देऊ शकणारे कृष्णवर्णीय अभियंते तुमच्या कार्यालयांत असतील, तर त्यांना या कामाविषयी सांगाल का? त्यांनी होकार दिल्यावर मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. त्यांची नावे इथे उघड लिहू नयेत.