आर्विदास साबोनिस: एनबीएत सरासरी १२ गुण, तरीही हॉल ऑफ फेम कसे?

मैदानवेडा:

सर्वांना नमस्कार. गेली आठ-नऊ वर्षे मी पहाटे उठून एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने पाहतो. सॅक्रामेंटोच्या डोमंटास साबोनिसचा खेळ मला मनापासून आवडतो आणि त्याच्यामुळेच त्याच्या वडिलांविषयी, म्हणजे आर्विदास साबोनिसविषयी, कुतूहल वाटू लागले. त्याची एनबीएमधील आकडेवारी काढून पाहिली आणि थोडा बुचकळ्यात पडलो. सात हंगाम, ४७० सामने, सरासरी १२ गुण आणि ७.३ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू); विजेतेपद नाही, निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यासाठी एकदाही निवड नाही. असे असूनही २०११ मध्ये त्याला नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले.

तो आधी युरोपात खेळत होता, एवढे मला ठाऊक आहे. परंतु त्याच्याविषयी जे जे वाचायला मिळते त्यात ‘दुखापती झाल्या नसत्या तर’ हे वाक्य हमखास येते. म्हणून स्पष्टच विचारतो: हा सन्मान त्याने केलेल्या कामगिरीचा आहे की जे घडलेच नाही त्याच्या हळहळीचा? जाणकारांनी कृपया विस्ताराने लिहावे.

जुना झोन-डिफेन्स:

आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते आधी बाजूला काढतो. नेस्मिथ हॉल ऑफ फेम ही एनबीएची संस्था नाही. ती बास्केटबॉल या संपूर्ण खेळाची आहे. महाविद्यालयीन प्रशिक्षक, महिला खेळाडू आणि अमेरिकेबाहेर नाव कमावलेले लोक असे सर्वच तिच्या कक्षेत येतात. त्यामुळे साबोनिसचा हिशेब १९९५ पासून मांडला, तर वहीची शेवटची काही पाने तेवढी वाचल्यासारखे होते.

पहिली पाने काऊनासची आहेत. लिथुआनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. १९६४ मध्ये काऊनास शहरात जन्मलेला हा मुलगा १९८१ मध्ये तिथल्याच झाल्गिरिस या क्लबकडून खेळू लागला. १४१० मध्ये लिथुआनिया आणि पोलंडच्या फौजांनी ट्यूटॉनिक सरदारांचा ज्या लढाईत पराभव केला, त्या लढाईचे लिथुआनियन नाव झाल्गिरिस. स्वतंत्र ध्वज नसलेल्या लोकांसाठी या नावाचा क्लब मॉस्कोच्या सैन्यदलाच्या संघाशी, म्हणजे सीएसकेएशी भिडतो, तेव्हा त्या सामन्याला काय अर्थ येत असेल, हे निराळे सांगायला नको. १९८५, १९८६ आणि १९८७ अशी सलग तीन वर्षे झाल्गिरिसने सीएसकेएला मागे टाकून सोव्हिएत विजेतेपद मिळवले आणि तिन्ही वर्षी त्या संघाचा कणा साबोनिसच होता.

उंची २२१ सेंटिमीटर, पण चाल मात्र गार्डची, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या चपळ खेळाडूची. रिबाउंड घेऊन स्वतःच चेंडू टप्पे देत पुढे नेणारा, धावत्या सहकाऱ्याच्या हातात नेमका पास ठेवणारा आणि दूरवरूनही बास्केट करणारा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा सर्वांत उंच खेळाडू, त्या काळी कोणी पाहिलेला नव्हता. १९८५ मध्ये एनबीएच्या अटलांटा संघाने ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, त्याची निवड केली, ती तो २१ वर्षांचा नसल्यामुळे रद्द झाली. पुढच्या वर्षी पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सने त्याला २४ व्या क्रमांकावर घेतले. पण सोव्हिएत संघातून अमेरिकेला खेळायला जाणे हे खेळाडूच्या हातात थोडेच होते? ड्राफ्टनंतर प्रत्यक्ष पोर्टलंडच्या गणवेशात उतरायला त्याला नऊ वर्षे लागली.

त्या नऊ वर्षांत काय झाले, ते पाहा. १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला ८२-७६ असे हरवले. समोर अमेरिकेचा सेंटर डेव्हिड रॉबिन्सन होता. पुढे अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाचाही पराभव करून सुवर्णपदक मिळवले. त्या संघाच्या सुरुवातीच्या पाचांपैकी साबोनिस, मार्चुल्योनिस, कुर्तिनाइतिस आणि होमिचुस हे चौघे लिथुआनियाचे होते. नंतर स्पेनमध्ये १९८९ पासून वायादोलिदकडून आणि १९९२ पासून रिआल माद्रिदकडून खेळताना त्याने दोन वेळा स्पॅनिश विजेतेपद मिळवले. १९९५ मध्ये सारागोसा येथे ऑलिंपियाकोसला ७३-६१ असे हरवून माद्रिद युरोपचा विजेता झाला, तेव्हाही सर्वोत्तम खेळाडू साबोनिसच ठरला. यात ‘जर’ आणि ‘तर’ कुठे आहे?

पोटरी-घोटा:

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून माझ्या बाजूचे थोडे लिहितो. साबोनिसच्या बाबतीत ‘पायाची दुखापत’ असे मोघम म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याचे अकिलीज टेंडन, म्हणजे पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड कंडरा, तुटले होते आणि तेही एकदाच नव्हे. ही कंडरा स्प्रिंगसारखे काम करते. पाय टेकताना ताण साठवते आणि उडी घेताना तो परत देते. तुटून जुळलेली कंडरा बरेचदा मूळच्यापेक्षा किंचित लांब राहते, त्यामुळे पोटरीचा जोर पूर्वीसारखा टाचेपर्यंत पोहोचत नाही. रुग्ण चालतो, जिना चढतो, हळू धावतोही. पण त्याला एका पायावर टाच उचलायला सांगा, लगेच फरक कळतो. २२१ सेंटिमीटर उंचीच्या आणि तशाच वजनाच्या माणसात हा भार किती वाढत असेल, याची कल्पना करावी. त्यात क्लब आणि राष्ट्रीय संघ अशा दोन्हीकडच्या वेळापत्रकामुळे विश्रांती नावापुरतीच.

१९८८ मध्ये ऑलिंपिकच्या काही महिने आधी त्याला उपचारांसाठी पोर्टलंडला जाण्याची परवानगी मिळाली आणि ब्लेझर्सच्या वैद्यकीय पथकाने त्याच्यावर काम केले. तोच खेळाडू त्याच वर्षी अमेरिकेला भारी पडला, त्यामुळे तिकडे बरीच कुरबुर झाली. माझ्या मते मात्र त्याला सोलमध्ये इतक्या लवकर उतरवणे हा वैद्यकीयदृष्ट्या अन्यायच होता. पदक देशाला मिळाले आणि घोटा त्याच्या वाट्याला आला.

१९९५ मध्ये तो खेळायला आला तेव्हाचा किस्सा अनेकांना ठाऊक असेल. संघाचे व्यवस्थापक बॉब व्हिट्सिट यांना डॉक्टरांनी सांगितले होते की, या एक्स-रेच्या जोरावर याला अपंगांसाठी राखीव पार्किंगचा परवाना मिळू शकेल. ही अतिशयोक्ती असेलही, पण असे एक्स-रे रोज पाहणाऱ्याला त्यात हसण्यासारखे फार काही दिसत नाही.

हिल्सबरोकर:

नोकरीनिमित्त मी १९९८ मध्ये ओरेगनला आलो आणि पुढची काही वर्षे पोर्टलंडच्या घरच्या मैदानाच्या, रोझ गार्डनच्या, अगदी वरच्या, स्वस्तातल्या रांगांत बसून साबोनिसला पाहिले. मैदानावरच्या सर्वांत मंद माणसाभोवती सगळा खेळ कसा फिरतो, हे मला तिथे समजले.

सरावाच्या वेळी इतर खेळाडू डंक करून, म्हणजे उडी घेऊन चेंडू वरून बास्केटमध्ये ठोकून, प्रेक्षकांना खूष करत असत. हा एका जागी उभा राहून बास्केटकडे चेंडू टाकत राही. सामना सुरू झाला की इतर चौघे पुढे पोहोचल्यावर हा सावकाश येई आणि फ्री-थ्रोच्या रेषेजवळ बास्केटकडे पाठ करून उभा राही. चेंडू एका हातात, डोक्याच्या वर, एखाद्याने फळीवरून डबा काढून धरावा तसा. बचाव करणारा तिथवर पोहोचूच शकत नसे. मग कोपऱ्यातला एखादा सहकारी पहारेकऱ्याच्या पाठीमागून आत शिरला, की साबोनिस मान न वळवता जमिनीवर एक टप्पा देऊन चेंडू त्याच्या हातात पोहोचवी. शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ दरवेळी पास सुटण्याच्या आधीच हसू लागायचे. कुठे बघायचे हे त्यांना माहीत होते; मला ते कळायला अर्धा हंगाम गेला.

आपण दिलेली १२ गुणांची सरासरी खरी आहे, पण मिनिटांकडेही पाहावे. पहिल्या हंगामात तो बहुतेक सामन्यांत राखीव म्हणून उतरला आणि सरासरी २४ पेक्षाही कमी मिनिटांत १४.५ गुण व ८.१ रिबाउंड त्याने मिळवले. सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम राखीव खेळाडू या दोन्ही पुरस्कारांच्या मतदानात तो दुसरा आला. त्याच वर्षी युटाविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, जास्त वेळ खेळवले गेले तेव्हा सरासरी २३.६ गुणांपर्यंत गेली. तिशी ओलांडलेला आणि घोटे झिजलेला नवोदित, हा प्रकारच मुळात विलक्षण आहे.

उलटतपासणी:

आदर मलाही आहे, परंतु आरती ओवाळणे थोडे आवरावे असे वाटते. १९८६ च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात, बुडापेस्टमध्ये, झाल्गिरिससमोर युगोस्लाव्हियाच्या द्राझेन पेत्रोविचचा सिबोना संघ होता. साबोनिस उत्तम खेळत असताना त्याने सिबोनाच्या नाकिचला ठोसा लगावला, पंचांनी त्याला बाहेर काढले आणि सिबोनाने सामना ९४-८२ असा जिंकला. त्याच्या घोट्यांवर अन्याय झाला हे मान्य आहे, पण तो चषक डोक्यात राख घालून घेतल्यामुळे हातचा गेला आणि त्याचे उत्तर दुसऱ्या कोणाकडे मागता येणार नाही. तसेच एनबीएत धिप्पाड सेंटर शकील ओनीलसमोर तो चिवटपणे उभा राहिला तरी रेटला जात असे, आणि चपळ गार्ड त्याला बास्केटपासून दूर ओढून घेऊन जात. २००० च्या पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीतील सातव्या सामन्यात पोर्टलंडने शेवटच्या सत्रात १५ गुणांची आघाडी गमावली, हेही याच पानावर लिहिले पाहिजे. हॉल ऑफ फेमला माझा विरोध नाही. ‘दुखापती नसत्या तर इतिहासातला सर्वोत्तम सेंटर’ या विधानाला आहे. एनबीएतला महान सेंटर हकीम ओलाजुवान त्याच काळात खेळत होता, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

मैदानवेडा:

सर्वांचे आभार. माझा प्रश्नच अर्धवट माहितीवर उभा होता, हे आता लक्षात आले. ‘उलटतपासणी’ यांचा मुद्दाही पटला. आता एकच विचारतो: त्याचा एकच सामना पाहायचा असेल, तर सोलचा अमेरिकेविरुद्धचा सामना पाहावा का?

जुना झोन-डिफेन्स:

सोलचा सामना जरूर पाहा, पण एकच पाहायचा असेल तर मी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधला कांस्यपदकाचा सामना सुचवीन. उपांत्य फेरीत लिथुआनियाचा एनबीएच्या ताऱ्यांनी भरलेल्या अमेरिकेच्या ‘ड्रीम टीम’ने १२७-७६ असा धुव्वा उडवला होता, त्यामुळे तिसऱ्या स्थानाच्या लढतीला वरवर काही अर्थ नसावा असे वाटेल. समोर मात्र पूर्वीच्या सोव्हिएत प्रजासत्ताकांचा एकत्रित संघ होता आणि त्यात सोलमध्ये साबोनिसच्या खांद्याला खांदा लावून सुवर्णपदक जिंकलेला व्होल्कोव्ह होता. लिथुआनियाने मार्च १९९० मध्ये स्वातंत्र्य जाहीर केले होते आणि मॉस्कोने ते सप्टेंबर १९९१ मध्ये मान्य केले. म्हणजे वर्षभरापूर्वीपर्यंत हे सर्वजण कागदोपत्री एकाच देशाचे होते.

लिथुआनियाने तो सामना ८२-७८ असा जिंकला. साबोनिसचे त्यात २७ गुण आणि १६ रिबाउंड आहेत. पण आकड्यांपेक्षा शेवटच्या काही मिनिटांत तो कसा हलतो ते बारकाईने पाहावे. उडी जवळजवळ नाहीच. सगळी कमाई आधीच योग्य जागी जाऊन उभे राहण्याची. पदक स्वीकारायला खेळाडू रॉक वाद्यवृंद ‘ग्रेटफुल डेड’च्या मदतीने तयार झालेले पिवळे-हिरवे-लाल टी-शर्ट घालून आले होते, छातीवर बास्केटबॉल डंक करणारा सांगाडा. ‘हिल्सबरोकर’ यांनी पोर्टलंडमध्ये जो साबोनिस पाहिला, तो तीन वर्षे आधीच या सामन्यात तयार झालेला दिसतो.

हिल्सबरोकर:

अगदी बरोबर. दुसऱ्या सत्रात फ्री-थ्रोच्या रेषेपाशी तो चेंडू डोक्यावर धरून उभा राहतो, तेव्हा चेंडूकडे न पाहता कोपऱ्यातल्या माणसाकडे पाहा.