पाच वर्षांत दोन पदव्या: वाचलेले वर्ष नेमके कुठून येते?

गंजलेला गिअर
'आयआयटीत ड्युअल डिग्री मिळत असताना चार वर्षांचे बी.टेक. घेणे म्हणजे आयुष्यातले एक वर्ष पाण्यात घालणे' असे विधान काल इथल्याच एका पोस्टमध्ये वाचले आणि ते डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतो आहे. हिशेब असा दाखवला होता की बी.टेक.ची चार अधिक एम.टेक.ची दोन म्हणजे सहा, ड्युअलमध्ये दोन्ही पदव्या मिळून पाच, तेव्हा एक वर्ष नफ्यात. हिशेब मांडणाऱ्याने पाचवे वर्ष काढलेले नाही, हे उघड आहे. मी काढले आहे. जोसाच्या, म्हणजे आयआयटी वगैरेंच्या सामाईक जागावाटपाच्या, यादीत पर्याय भरताना मी साडेसतरा वर्षांचा होतो. चार वर्षांची मेकॅनिकल माझ्या रँकला मिळत नव्हती आणि पाच वर्षांची मिळत होती, एवढ्या एकाच कारणाने मी एम.टेक.चा विषयही त्याच दिवशी ठरवून बसलो.

एम.टेक.च्या दोन वर्षांपैकी साधारण पहिले विषयांचे असते आणि दुसरे प्रबंधाचे. ड्युअलमध्ये ते विषय सातव्या-आठव्या सत्रात कोंबले जातात आणि प्रबंध नेमका प्लेसमेंटच्या तोंडावर येतो. माझा प्रबंध धातूच्या थकव्यावर, म्हणजे पुन्हापुन्हा ताण देऊन धातू कधी तुटतो यावर, होता. १० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला १० वेळा, ताणाची १० लाख आवर्तने द्यायची तर एका नमुन्याला जवळजवळ २८ तास लागतात. ३० नोव्हेंबरला दुपारी नमुना यंत्रात लावला, १ डिसेंबरला पहाटे टाय बांधून मुलाखतींना गेलो, आणि रात्री येऊन पाहतो तर नमुना मधल्या बारीक भागात न तुटता पकडीपाशी तुटलेला, म्हणजे चाचणी बाद. सर म्हणाले, "दुसरा लावा." पण मला नोकरी लागली होती. पुढचे सहा महिने मी आलेख सुबक करण्यात घालवले आणि मला पदव्युत्तर पदवी मिळाली.

सोलापुरी चादर
स्वतःचा आळस योजनेच्या माथी मारण्याची ही पद्धत छान आहे. दुसरा नमुना तुम्हाला कोणी लावू दिला नाही, असे तर झाले नव्हते ना? मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातून बी.ई. केले, गेट ही एम.टेक.ची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, ६५ प्रश्नांच्या त्या तीन तासांसाठी पुण्यात खोली घेऊन राहिले, आणि बारावीनंतर आठव्या वर्षी माझ्या हातात एम.टेक. पडले. मधल्या काळात घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने 'मुलगी अजून शिकतेच आहे का?' असे आईला विचारले. एका वर्षाची किंमत ते ज्याच्या खिशातून जाते त्यालाच कळते. तुम्हाला गेट न देता एम.टेक. मिळाले आणि वर तुम्ही रडता आहात!

लेथवाले काका
माझ्या मोठ्या भावाने १९७०च्या दशकात आयआयटीत पाचच वर्षे काढली आणि त्याला एकच पदवी मिळाली, कारण तेव्हा बी.टेक.च पाच वर्षांचे होते. आता तेवढ्याच वर्षांत दोन मिळतात. मुले हुशार झाली की कागद स्वस्त झाला, हे आपापसांत ठरवा.

तासिकावाला
एम.टेक. कशासाठी करायचे, हे इथे कोणीच विचारत नाही. बहुतेकांना ते कंपनीत लागत नाही; ते लागते शिकवायला. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमात सहायक प्राध्यापकासाठी बी.ई. आणि एम.ई., किंवा इंटिग्रेटेड एम.टेक., असे स्पष्ट लिहिले आहे आणि दोन्हींपैकी एकीत प्रथम श्रेणी पुरते. मी दोन वर्षे पूर्ण देऊन एम.ई. केले. नाव न घेतलेले बरे अशा एका महाविद्यालयात माझ्या पगारपत्रकावर ५७,७०० मूळ वेतन छापले जाई, ते खात्यात जमा होई आणि महिन्याच्या सात तारखेपर्यंत निम्म्याहून जास्त रोखीने परत करावे लागे. पुढे तेही गेले आणि तासिका तत्त्व आले, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे आणि दिवाळीच्या सुट्टीत पगारालाही सुट्टी. हीच पदवी एक वर्ष लवकर मिळवून कोणाचे काय भले होणार आहे?

गंजलेला गिअर
आपल्या दुःखाबद्दल आदर आहे, पण धागा ड्युअल डिग्रीचा आहे, प्राध्यापकांच्या वेतनाचा नाही.

तासिकावाला
आपल्याला आलेख सुबक करून पदवी मिळाली, म्हणून वेतनाचा प्रश्न आपल्याला विषयांतर वाटतो. उद्या तुमच्याच पदवीचा माणूस आमच्याकडे येऊन थकवा-चाचणी शिकवेल, आणि नमुना पकडीपाशी का तुटतो ते त्याला सांगता येणार नाही.

सोलापुरी चादर
तासिकावाले दादा, तुमचे खरे आहे, आमच्याकडेही रोख परत करण्याची तारीख सातच होती. मी तक्रार केली तेव्हा प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तुमच्या जागेसाठी बाहेर चाळीस अर्ज पडले आहेत." पण म्हणून काय पोरांनी शिकू नये?

लेथवाले काका
चाळीस कशाने झाले, तेही बघा. एम.टेक. जितके सोपे कराल तितकी ती रांग लांबेल.

गंजलेला गिअर
काका, मी सकाळपासून दुसरे काय म्हणतो आहे? आणि ताई, गेटवरून एम.टेक. करणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात, म्हणजे २४ महिन्यांचे २,९७,६००. तुमच्या आठ वर्षांच्या जमाखर्चात ते दिसले नाहीत.

सोलापुरी चादर
दिसले नाहीत, कारण ते पुण्याच्या खोलीची उधारी फेडण्यात गेले. बरे, एवढे मान्य करते की साडेसतराव्या वर्षी एम.टेक.चा विषय ठरवणे हा वेडेपणा आहे. माझ्या भाच्याला यंदा पर्याय भरायचे आहेत. चार वर्षांचे सगळे पर्याय वर ठेव आणि पाचाचे खाली, असे त्याला कालच सांगितले, कारण मुंबई आणि कानपूरच्या आयआयटीत बी.टेक.मधून पुढे ड्युअलकडे वळता येते. हे तुमचे ऐकून सांगितले, असा गैरसमज मात्र करून घेऊ नका.

गंजलेला गिअर
नाही करून घेत. त्याला प्रबंध घ्यावासा वाटला, तर पकडीचा दाब आधी तपासायला सांगा.